दोन लाख एकोणीस हजार सातशे रुपये आणि पत्र्याची एक पट्टी

रक्कम आधी सांगतो, कारण ती घरात सांगायलाच मला तीन महिने लागले. गाडीच्या कॉइलओव्हरच्या (म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या) संचाचे १,६८,००० रुपये, मागच्या अँटी-रोल बारचे (वळणात गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याचे) ३४,०००, मजुरीचे १४,५०० आणि चाकांच्या अलाइनमेंटचे ३,२००, असे एकूण २,१९,७०० रुपये मी ऑगस्ट २०२४ मध्ये भोसरीतल्या एका गाळ्यात मोजले. त्या बदल्यात मला एका नामांकित जर्मन कंपनीच्या नावाचे बनावट कॉइलओव्हर मिळाले आणि लाल रंग फासलेला माझाच जुना अँटी-रोल बार मिळाला.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर, आणि हा सगळा जोर फक्त पुढच्या दोन चाकांवर. जी चाके गाडी वळवतात त्यांनाच ती ओढायचीही असते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त पडला की आतले चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी वळणाबाहेर रेटली जाते. माझे मूळ शॉक, म्हणजे धक्के जिरवणारे डॅम्पर, ४१,००० किलोमीटरनंतर थकले होते. म्हणून चांगले डॅम्पर आणि मागे जाड अँटी-रोल बार बसवायचे ठरवले. मागची बाजू कडक केली की वळणात वजनाची सरकासरक मागे जास्त होते, पुढच्या आतल्या चाकावर थोडा भार टिकतो आणि त्याची पकड सुटत नाही. हे एवढ्या तपशिलाने लिहितो आहे, कारण ‘काही कळत नसताना हौस कशाला करायची’ हे वाक्य मी आतापर्यंत पुष्कळ ऐकले आहे. मला कळत होते, आणि तरीही मी फसलो.

व्यवहार नेहमीच्याच पद्धतीने झाला. आगाऊ १,००,००० रुपये यूपीआयने दिले. दहा दिवसांनी ‘माल कस्टममध्ये अडकला आहे’ असा निरोप आला आणि ६८,००० आणखी गेले. उरलेले ५१,७०० काम झाल्यावर दिले. बिलाचा विषय काढला तेव्हा मालक म्हणाला, “सर, बिल घेतलंत तर अठ्ठावीस टक्के जीएसटी वर लागेल, बघा तुम्ही.” मी पाहिले आणि बिल नको म्हणालो. या एका लोभाबद्दल मला जे बोलायचे ते बोला. तुम्ही मात्र कर भरा आणि बिल घ्या, त्यावर संचाचा अनुक्रमांक लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी तोच क्रमांक मूळ कंपनीला ईमेलने कळवून खात्री करा. मी हा ईमेल फसल्यानंतर पाठवला. दोन दिवसांत उत्तर आले की असा क्रमांक त्यांनी कधी दिलेलाच नाही.

आता त्या पट्टीविषयी. याच सांगाड्यावर बनणाऱ्या गाड्यांना पुढचे स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचे उभे खांब) दोन मापांचे येतात: कमी ताकदीच्या गाड्यांना साधारणपणे ५० मिलिमीटरचे आणि आरएसला ५५ मिलिमीटरचे. मी स्टुलावर चहा घेत बसलो होतो, आणि माझ्यापासून चार फुटांवर तिथला मुलगा लहान मापाच्या स्ट्रटच्या नळीभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून तो नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या भोकात, ठोकून बसवत होता. मी विचारले. मालक हसून म्हणाला, “सर, अ‍ॅडॉप्टर आहे तो. टेन्शन घेऊ नका, बाहेरच्या देशात सगळे असेच बसवतात.” मला माप माहीत होते. अ‍ॅडॉप्टर असा हाताने कापलेला, एका टोकाला वाकडा नसतो, हेही मला दिसत होते. पण गाडी लिफ्टवर उघडी होती, १,६८,००० रुपये जाऊन बसले होते, आणि समोरचा माणूस इतक्या अदबीने बोलत होता की त्याला खोटे म्हणण्याची मलाच लाज वाटली. मी चहा संपवला. त्या क्षणी ‘थांबा, खाली उतरवा’ एवढे दोन शब्द तोंडातून निघाले असते, तर निदान ५१,७०० रुपये आणि माझे मूळ शॉक तरी वाचले असते.

होय, मूळ शॉकही गेले. ‘उद्या पॅक करून देतो’ म्हणाला, तो उद्या आजवर उगवलेला नाही. जुने भाग त्याच दिवशी, स्वतःच्या डिकीत घालून आणा.

पुढे १,१०० किलोमीटरच चालले. ताम्हिणीत उतारावर ब्रेक मारून डावे वळण घेताना पुढून ‘खट्’ असा आवाज झाला, स्टीअरिंग उजवीकडे ओढले गेले आणि गाडी दगडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी पत्नी होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये उघडल्यावर दिसले की पट्टी सरकली होती, स्ट्रट नकलमध्ये हलत होता आणि एका डॅम्परचे तेल पार वाहून गेले होते. बारवरचा लाल रंग खरवडला तेव्हा खाली मूळ भागाचा क्रमांक निघाला. अलाइनमेंट तर झालेच नसावे, कारण आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांचा छापील कागद मला कधी मिळाला नव्हता. तो कागद मागत चला.

चौकीत मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगण्यात आले. तिसऱ्यांदा हवालदारांनी मलाच विचारले की गाडीत बदल करणे बेकायदेशीर नाही का. गाडीतल्या बदलांविषयीच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर वाद जरूर घालू, पण त्यामुळे बनावट माल विकणे कायदेशीर कसे होते, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, हे सांगितल्यावर ‘वकील आहात का’ एवढेच ऐकायला मिळाले. चौथ्यांदा अर्ज घेतला, पण पोच देताना शिक्का सापडेना. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, म्हणाले, तुम्ही प्रत्यक्ष गाळ्यात गेला होतात, म्हणजे हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदली गेली आणि काही आठवड्यांनी ‘समोरच्या पक्षाने प्रतिसाद दिला नाही’ म्हणून बंद झाली. ज्याने पैसे बुडवले तो प्रतिसाद देत नाही, म्हणूनच तर मी तक्रार केली होती! प्रत्येक खिडकीवर मला सभ्यपणे पुढची खिडकी दाखवली गेली, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचा प्रश्न एकच होता: बिल आहे का?

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. बिल नसले तरी यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल जोडला आहे. ती पट्टीही पिशवीत जपून ठेवली आहे. बोलणी फोनवर करू नका, लिहूनच करा, कारण माझ्याकडे उरले आहे ते तेवढेच.

गेल्या आठवड्यात जुन्या सुट्या भागांच्या जाहिरातींत एक संच दिसला: ‘आरएस २३०, मूळ सस्पेन्शन, कमी चाललेले, ४५,००० रुपये.’ उजव्या स्ट्रटवर जॅक घसरून मीच पाडलेला ओरखडा फोटोत स्पष्ट दिसत होता. मी पत्नीच्या फोनवरून विचारले, बिल मिळेल का. पाच मिनिटांत उत्तर आले: “मॅडम, बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा.”