एस२ सिलिकॉन डिटेक्टर: नोव्हाच्या अभिक्रिया मोजायला घ्यावा का?

नोव्हाच्या (पांढऱ्या बटू ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या) स्फोटात फ्लोरिन-१८ किती शिल्लक राहतो, हे मुख्यतः प्रोटॉन आत, अल्फा (हीलियमचं केंद्रक) बाहेर या अभिक्रियेवर ठरतं. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. टार्गेट बनवून ठेवायची सोयच नाही, म्हणून त्याचाच बीम पातळ पॉलिप्रॉपिलीनवर (हायड्रोजन आणि कार्बनचं प्लास्टिक; त्यातला हायड्रोजन म्हणजेच प्रोटॉन) सोडावा लागतो. अशा कामाला एस२ हा चकतीच्या आकाराचा सिलिकॉन डिटेक्टर जरूर घ्यावा, पण त्याची मर्जी सांभाळायची तयारी हवी.

मध्ये २२ मिमीचं भोक, बाहेरचा व्यास ७० मिमी, एका बाजूला ४८ रिंगा, दुसऱ्या बाजूला १६ सेक्टर. टार्गेटपासून १०० मिमीवर बसवला की साधारण ६ ते १९ अंशांचे कोन मिळतात. रिंग जेमतेम अर्ध्या मिमीची. मात्र बीमचा ठिपकाच ३ मिमी असेल तर ६४ चॅनेलचा खर्च फुकट.

खरी किंमत वसूल होते ती अल्फा आणि ऑक्सिजन-१५ एकत्र पकडताना. बीममध्ये ऑक्सिजन-१८ची भेसळ असतेच आणि तोही अल्फा सोडतो. बीम १२.७ एमईव्हीचा (कणांच्या ऊर्जेचं एकक) असेल तर दोन्ही कणांच्या ऊर्जेची बेरीज फ्लोरिनसाठी सुमारे १५.६, भेसळीसाठी १६.७ येते (टार्गेटमधली घट वगळून). एवढ्या फरकावर दोन्ही सहज सुटे होतात. कॅलिब्रेशन फक्त अल्फा सोर्सवर उरकू नका: जड ऑक्सिजन वरच्या मृत (सिग्नल न देणाऱ्या) थरात जास्त ऊर्जा गमावतो आणि बेरीज खाली सरकते.

दुखणं आतल्या रिंगांचं. प्रोटॉनवरून विखुरलेला बीम सव्वातीन अंशांच्या आतच राहतो, म्हणजे भोकातून निघून जातो. कार्बनवरून विखुरलेला मात्र थेट सिलिकॉनवर आदळतो आणि लीकेज करंट (कण नसतानाही डिटेक्टरमधून वाहणारा) चढत जातो. बायसच्या (डिटेक्टरला दिलेल्या व्होल्टेजच्या) वाटेतल्या १० मेगाओमच्या रेझिस्टरवर १ मायक्रोअँपिअर म्हणजे १० व्होल्ट तिथेच गेले. सप्लायवरचा आकडा तोच दिसतो, डिटेक्टर अर्धवट डिप्लीट राहतो, म्हणजे त्याची पूर्ण जाडी कण मोजायच्या कामी येत नाही. तेवढा बायस वाढवा, शक्य असेल तर थंड करा: ७-८ अंश सेल्सिअस उतरले की लीकेज साधारण निम्मं होतं.

व्हॅक्यूम पंप चालू असताना, दाब काही मिलिबारच्या आसपास असेल तेव्हा बायस देऊ नका, ठिणगी उडते. व्हॅक्यूम मोजणारी आयन गेजही बंद ठेवा. तिच्या फिलामेंटचा उजेड लीकेज म्हणून दिसतो आणि दोष भलत्याच केबलला लागतो.

जाडी ३०० मायक्रॉन पुरते. सुमारे ६ एमईव्हीपर्यंतचे प्रोटॉन त्यात थांबतात, अल्फांचा तर प्रश्नच नाही. पातळ घेतला तर कपॅसिटन्स वाढून नॉइज वाढतो.