आयकॅनची २००० सालची ऑनलाइन निवडणूक : मतदाराच्या बाजूने रिव्ह्यू (५ पैकी साडेतीन स्टार)

शिक्षक मतदारसंघात मी आत्तापर्यंत तीनदा मतदान केलंय. आत गेलं की जांभळा स्केच पेन हातात देतात, आपला पेन चालत नाही, आणि नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकायचे, बरोबरची खूण केली की मत बाद. दरवेळी कुणीतरी सीनियर सर बाहेर येऊन विचारतातच, अरे दुसरी पसंती दिली तर पहिलीला धक्का बसतो का रे? नाही बसत सर. तुमचा पहिला उमेदवार बाद झाला तरच तुमची मतपत्रिका दुसऱ्याकडे जाते.

मागच्या महिन्यात वाचता वाचता कळलं की हीच पसंतीक्रमाची पद्धत २००० साली जगभरच्या लोकांनी घरबसल्या इंटरनेटवर वापरली होती, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. आयकॅन म्हणजे डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) आणि आयपी नंबर (नेटवरच्या यंत्रांचे क्रमांक) यांचा जागतिक कारभार बघणारी कॅलिफोर्नियातली संस्था, १९९८ ला सुरू झालेली. तिच्या १९ जणांच्या बोर्डावर ५ संचालक सामान्य नेट वापरणाऱ्यांनी थेट निवडून द्यायचे ठरले, पाच विभागांतून एकेक. आधी ९ ठरले होते, ते ५ वर आले, आणि उरलेल्या ४ खुर्च्यांवर आधीचेच नेमलेले लोक बसून राहिले. अर्धा स्टार इथेच गेला.

आता सेवा म्हणून बघू. नोंदणी फुकट. वय १६, एक ईमेल, एक पोस्टाचा पत्ता, बस. मग पिन नंबर घरी पोस्टाने यायचा आणि तो टाकून सभासदत्व चालू करायचं. कल्पना चांगली, खोट्या नावाने शंभर ईमेल काढणाऱ्याला अडवायला पोस्टाचा पत्ता लागणारच, पण गळती बघा, सुमारे १ लाख ५८ हजार लोकांनी नाव नोंदवलं, सभासदत्व चालू केलं साधारण ७६ हजारांनी, आणि १ ते १० ऑक्टोबरमध्ये मत दिलं ३४,०३५ जणांनी. मतदानाला दहा दिवस होते, पण त्याच्या आधीच अर्ध्याहून जास्त माणसं गळाली. याचा आणखी एक स्टार.

पण उमेदवारांच्या युतीच्या बाबतीत मी या निवडणुकीला पूर्ण मार्क देतो, आणि रिव्ह्यू लिहायला बसलो तोही त्याचसाठी.

आपल्याकडे पतसंस्था असो, साखर कारखाना असो, युती म्हणजे पॅनल. एक चिन्ह, एक पत्रक, आणि एका जागेसाठी दोन चांगली माणसं असली तर एकाला बसवायचं. दोघंही उभे राहिले तर मतं फुटतात आणि तिसराच निघून जातो, हे आमच्या इथे मी डोळ्यांनी बघितलंय, अकरा मतांनी, आणि ते दोघे आजही एकमेकांशी धड बोलत नाहीत.

युरोपचं उदाहरण घ्या. आंडी म्युलर-मागून आणि जनेट होफमान, दोघंही जर्मन, दोघंही आयकॅनच्या कारभारावर उघड टीका करणारे, आणि दोघंही आयकॅनच्या उमेदवार सुचवणाऱ्या समितीच्या यादीतून न येता सभासदांच्या पाठिंब्यावर मतपत्रिकेत आलेले. सभासदांतून यायचं तर आपल्या विभागातल्या २ टक्के सभासदांचा पाठिंबा लागायचा, तोही किमान दोन देशांतून. कुणाला बसवायची गरजच पडली नाही. एकाला १ द्या, दुसऱ्याला २ द्या, मत घरातच राहतं. शेवटी म्युलर-मागून ११,३०९ पैकी ५,९४८ मतं घेऊन आले.

उत्तर अमेरिकेत तर जास्तच अटीतटीचं झालं. सात उमेदवार, त्यातले कार्ल ऑरबाक, बार्बरा सायमन्स आणि कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग हे तिघं बऱ्यापैकी एका बाजूचे, म्हणजे बोर्डाचा कारभार उघडा करा म्हणणारे. एका जागेला एकाच बाजूचे तीन दांडगे उमेदवार, आपल्याकडे असतं तर काय झालं असतं सांगायला नको. इथे एकेक उमेदवार बाद होत गेला, मतं पुढच्या पसंतीला सरकत गेली आणि ३,४४९ पैकी १,७३८ वर ऑरबाक निवडून आले. निम्म्याच्या जेमतेम वर! दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीशिवाय हे जमलंच नसतं. त्याआधी जुलैत योकोहामाच्या बैठकीच्या वेळी नागरी संघटनांनी मिळून एक जाहीरनामा काढला होता, म्हणजे एकत्र यायला मुद्दे कागदावर होते.

आशियात मात्र हे चाललं नाही. आशिया-ऑस्ट्रेलिया-पॅसिफिक असा एवढा मोठा विभाग, आपण त्यातच, उमेदवार पाच, भारतीय एकही नाही. जपान आणि चीनमध्ये नोंदणीची लाटच आली आणि प्रश्न मुद्द्यांचा न राहता देशाचा झाला. जपानचे मासानोबू काटो १७,७४५ पैकी १३,९१३ मतांनी आले, मोठ्या कंपनीतले होते. पसंतीक्रम असून काही उपयोग नाही जर प्रत्येक देश आपल्याच माणसाच्या मागे उभा राहिला तर. आणि आफ्रिकेत एकूण मतं १३०! घानाचे नी क्वेनॉर ६७ मतांवर संचालक. माणूस तोलामोलाचा, आफ्रिकेत इंटरनेट आणण्यात त्यांचा मोठा वाटा, पण एवढ्या मतदारांपेक्षा आमच्या शाळेचा पालक मेळावा मोठा भरतो हो.

सगळ्यात वाईट पुढे झालं. सेवाच बंद केली. ऑरबाक संचालक असून त्यांना संस्थेची कागदपत्रं बघायला कोर्टात जावं लागलं, २००२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि त्याच वर्षी बोर्डाने नियम बदलून थेट निवडणूक काढून टाकली. २०१० पासून सामान्य वापरकर्त्यांच्या नावाने एक संचालक निवडतात, पण मतदार २०, म्हणजे सल्लागार समितीचे १५ आणि पाच विभागीय संघटनांचे अध्यक्ष. ३४,०३५ वरून २०. तिथे कोण कुणाबरोबर आहे हे तुम्हाआम्हाला दिसणारही नाही. याचा खरं तर पूर्ण स्टार जायला हवा होता, पण ही चूक निवडणुकीची नाही म्हणून कापत नाही.

आपला काय संबंध असं वाटत असेल तर वऱ्हाड हा शब्द घ्या. देवनागरी डोमेनमध्ये कुठली अक्षरं चालणार हे आयकॅनच्याच प्रक्रियेत ठरतं, आणि ‘ऱ्ह’ मधला तो आपला ऱ तिथल्या नियमांत वेगळा बसवावा लागला. अशा निर्णयांवर बोर्डात आपण निवडलेलं एक तरी माणूस असावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या संघटनेच्या तालुका कार्यकारिणीची निवडणूक डिसेंबरात आहे. अध्यक्षपदाला दोन मॅडम उभ्या आहेत, दोघी एकाच विचाराच्या, आणि एकीला बसवायची बोलणी सुरू झालीयेत. मी सचिवांकडे लेखी दिलंय की कुणाला बसवू नका, पसंतीक्रम घ्या, सोबत उत्तर अमेरिकेचे हे आकडे जोडलेत. स्केच पेन मी आणतो म्हटलंय.