पोर्सेलिन मुठींचे जुने सुरी-काटे: अठराव्या शतकातली जोडी घ्यावी की ‘निळ्या कांद्या’चा संच?

पोर्सेलिनच्या मुठींचे जुने सुरी-काटे जमवू पाहणाऱ्यापुढे सहसा दोन वाटा असतात. एक अठराव्या शतकातल्या सुट्या जोडीची, म्हणजे फ्रान्समधील शाँतियी, लंडनजवळील बो किंवा जर्मनीतील मायसेन येथे घडलेल्या मुठींची. दुसरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जर्मन संचाची, ज्यात ‘निळा कांदा’ हा नमुना फार आढळतो. वास्तविक तो कांदा नव्हेच. मायसेनला १७४० च्या सुमारास हा नमुना घडला तेव्हा चिनी भांड्यांवरची डाळिंबे आणि पीच युरोपीय लोकांना कांद्यासारखी वाटली, आणि नाव तेच रूढ झाले. पुढे अनेक कारखान्यांनी तो उचलला, म्हणून असे संच आजही सहज मिळतात.

संचाचा काळ ठरवणे सोपे असते. पात्यावर ‘जर्मनी’ असा शिक्का असल्यास ते बहुधा आयात मालावर मूळ देशाचे नाव मागणाऱ्या ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतरचे असते, आणि पाते स्टेनलेस असल्यास ते १९१३ च्या आधीचे असू शकत नाही. जुन्या जोडीच्या मुठीवर मात्र कारखान्याची खूण क्वचितच असते. तिथे मातीच वाचावी लागते. टवका उडालेल्या जागी मऊ पोर्सेलिन साखरेसारखे रवाळ दिसते, तर केओलिन या पांढऱ्या मातीचे कठीण पोर्सेलिन काचेसारखे गुळगुळीत फुटते. पॅरिसच्या सामसाँ कारखान्याने एकोणिसाव्या शतकात जुन्या मऊ पोर्सेलिनच्या वस्तूंच्या नकला बहुतेक कठीण पोर्सेलिनमध्येच केल्या, त्यामुळे मऊ पोर्सेलिनच्या शाँतियीच्या नावाने समोर आलेल्या मुठीचा टवका मी आधी भिंगाखाली धरतो.

दोन्हींचे दुखणे एकच, ते सांध्यात असते. मूठ आतून पोकळ असते. पात्याचे निमुळते शेपूट तिच्यात घालून भोवती राळ आणि विटेची भुकटी ओतलेली असते. आपल्याकडे तलवारीचे पाते मुठीत लाखेने बसवत, तीच ही रीत. गरम पाण्यात राळ मऊ पडते, फुगते आणि मुठीला केसाएवढा तडा जातो. म्हणून हे सुरी-काटे कधीही पाण्यात बुडवू नयेत, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावेत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पोलादी पात्याला तेलाचा पातळ हात हवाच.

सणावाराला ताटाशी मांडायचे असतील तर संच घ्यावा, कारण हरवलेल्या नगाची भरपाई शक्य असते. मला विचाराल तर मी सुटी जोडी निवडेन, मुठीला बारीक तडा असला तरी चालेल, पण पाते मूळचे हवे. धार लावून झिजलेली पाती पूर्वी सर्रास बदलली जात, म्हणून मुठीच्या तोंडाशी असलेले चांदीचे कडे आणि पाते यांचा मेळ बसतो का, ते पाहूनच दर ठरवावा.