फोल्डिंग, आइनस्टाईनसाठी कार्ड घ्यायचंय: सेकंडहँड ३०६० की नवं ४०६०? सोलापूरच्या हिशोबानं

घरच्या पीसीची ताकद इंटरनेटवरून संशोधनाच्या गणितांना उसनी द्यायची, असे बरेच प्रोजेक्ट आहेत, फोल्डिंग आणि आइनस्टाईन त्यातलेच, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड म्हणजे जीपीयू लागतं. तर कार्डाआधी प्रोजेक्ट ठरवा बघू. बरेच जण उलटं करतात, कार्ड घेऊन येतात आणि मग त्यावर काय चालतं ते शोधत बसतात. रोझेटा ॲट होम करायचं असेल तर कार्ड घेऊच नका, ते सीपीयूवर चालतं, पैसे वाचले. परग्रहावरचे सिग्नल शोधणाऱ्या सेटीनं मार्च २०२० मध्ये काम वाटणं बंद केलं. आकाशगंगेचा नकाशा करणाऱ्या मिल्कीवे प्रोजेक्टचं जीपीयूचं काम २०२३ मध्ये संपलं, आणि हे मुद्दाम सांगतोय कारण डबल प्रिसिजन (जास्त अचूक आकड्यांचं गणित) तगडं असलेलं जुनं रेडिऑन शोधा, एचडी ७९७० बघा, असले सल्ले अजून फिरतायत, ते सगळे त्याच प्रोजेक्टच्या जमान्यातले. जीपीयूग्रिडला एनव्हिडियाच लागतं आणि तिथं काम कधी असतं कधी नसतं. म्हणजे रोजचं भरवशाचं म्हणाल तर फोल्डिंग ॲट होम (प्रोटीनच्या घड्यांचा अभ्यास), आइनस्टाईन ॲट होम (पल्सार तारे, गुरुत्वलहरींचा शोध) आणि प्राइमग्रिड (मूळ संख्यांचा शोध).

आता आपल्या बजेटवाल्यांची खरी मारामारी दोनच कार्डांत असते. आरटीएक्स ३०६० बारा जीबी, १७० वॉट, सेकंडहँड बाजारात भरपूर. आरटीएक्स ४०६० आठ जीबी, ११५ वॉट, नवं, वॉरंटीसकट. बारा जीबी बघून मन ३०६० कडं ओढतं, पण फोल्डिंगला एवढी मेमरी लागतच नाही, चार जीबीतही काम चालतं. आइनस्टाईनवर सेटिंग बदलून एका कार्डावर दोन टास्क (प्रोजेक्टनं पाठवलेली कामं) एकदम चालवता येतात, तिथं जास्त मेमरी थोडी कामाला येते, शिवाय ३०६० ची मेमरी बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा ने-आण करायचा वेग, ३६० जीबी प्रति सेकंद आहे, ४०६० ची २७२, त्यामुळं प्रत्येक कामात नवं कार्ड सारखंच पुढं पळेल असं धरू नका. नुसती गणिताची ताकद मोजली तर मात्र ४०६० पुढं, साधारण १५ टेराफ्लॉप्स (एक म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं) विरुद्ध पावणेतेरा. आणि ते सुद्धा ५५ वॉट कमी खाऊन.

आता या ५५ वॉटचं काय ते बघा, कारण गेमिंगवाला दोन तास खेळून उठतो, आपलं कार्ड रात्रंदिवस पळतं. ५५ वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास ४० युनिट, वर्षाला जवळपास ४८०. तुमच्या लाइट बिलावर वरच्या स्लॅबचा दर काय पडतो तो बघा, ४८० नं गुणा, दोन वर्षं चालवणार असाल तर दुप्पट करा आणि दोन्ही कार्डांच्या किमतीतल्या फरकाशेजारी ठेवा. सेकंडहँड ३०६० खरंच स्वस्त आहे का ते तिथंच कळतं. दुसरी गोष्ट स्लॅबची. महावितरणचा १०१ ते ३०० चा स्लॅब आणि त्याच्या पुढं ३०१ पासून महाग. बाकी पीसीला ६० वॉट धरा, म्हणजे ४०६० चा पीसी महिन्याला १२६ युनिट खाणार आणि ३०६० चा १६६. घरचं आधीच १६० असेल तर पहिल्यात २८६ ला थांबता, दुसऱ्यात ३२६, म्हणजे वरची २६ युनिटं महागात गेली. आणि हे एसी, कूलर न धरता हं. फोल्डिंगमध्ये एनव्हिडिया कार्ड सीपीयूचा एक थ्रेड (एका वेळी एक काम करणारा भाग) पूर्ण अडकवून ठेवतं, त्यामुळं जुना सीपीयू असेल तर ६० पेक्षा जास्तच धरा.

३०६० घेतलंच तर पॉवर लिमिट, म्हणजे वॉटची कमाल मर्यादा, लावा, विंडोजवर आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमधून नाहीतर लिनक्सवर एका कमांडनं. १७० चं १२० वर आणलं तरी काम त्या प्रमाणात घटत नाही, वॉट जास्त वाचतात. तेवढं केलं की बिलाचा फरक बराच मिटतो, आणि हाती बारा जीबी, ज्यांना घरी एआय मॉडेल चालवून बघायचीत त्यांच्यासाठी ते सोनंच.

ऊन. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३, वरच्या मजल्यावरची खोली किंवा पत्रा असेल तर रात्री अकरालाही भिंती तापलेल्याच, आणि कार्ड जेवढे वॉट खातं तेवढी सगळी उष्णता त्याच खोलीत सोडतं. ३०६० म्हणजे १७० वॉटचा हीटर, एसी लावला तर ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा लाइट. उन्हाळ्यात मी तरी दिवसा बंदच ठेवा म्हणेन. इथं प्रोजेक्टचा फरक पडतो. आइनस्टाईन, प्राइमग्रिड ज्या बॉइंक सॉफ्टवेअरवर चालतात त्यात कुठल्या वाराला किती ते किती वाजेपर्यंत चालायचं ते लावता येतं आणि आइनस्टाईनचं काम परत द्यायची मुदत आठवडा-दोन आठवड्यांची असते, रात्री करून निवांत पुरं होतं. फोल्डिंगला मुदत थोड्या दिवसांची आणि लवकर परत दिलं तर जादा पॉइंट, अर्धा दिवस बंद ठेवलं की बोनस गळतो. पॉइंटचा नाद नसेल तर मुदतीत दिलं म्हणजे झालं. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या थंडीत मात्र दोन्ही बिनधास्त चोवीस तास पळवा, खोलीही उबदार राहते.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांजवळ राहत असाल तर धाग्याचे बारीक तंतू हीटसिंकमध्ये असे बसतात की नमदा तयार होतो, तिथं दर महिन्याला ब्लोअर मारायची तयारी ठेवा. कार्ड कुठलंही घ्या.

एएमडीचं काय असं विचारणारे असतातच. आरएक्स ६६००, १३२ वॉट, आठ जीबी, विंडोजवर आइनस्टाईन किंवा प्राइमग्रिडसाठी वाईट नाही, स्वस्तात मिळालं तर घ्या. पण फोल्डिंगनं २०२० मध्ये कुडा (एनव्हिडियाची स्वतःची जीपीयू प्रणाली) आणल्यापासून एनव्हिडिया तिथं आणखी पुढं गेलं, आणि लिनक्सवर या कार्डाला ओपनसीएल (कार्डावर गणित चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) बसवायची कटकट वेगळी. फोल्डिंगवाल्यानं त्या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

ऑफिसमधून निघालेला जुना ब्रँडेड पीसी असेल, एसएमपीएस (वीज देणारा डबा) छोटा, कार्डाला द्यायला वायरच नाही, तर ३०५० चं सहा जीबीवालं बघा. ७० वॉट, स्लॉटमधूनच चालतं, एकट्या कार्डाचे महिन्याला ५० युनिट. नाव सारखं आहे म्हणून आठ जीबीवालं ३०५० आणू नका, ते १३० वॉटचं आणि वेगळी वायर मागतं. काम ४०६० च्या निम्म्याच्या आसपास, पण एसएमपीएस बदलायचा खर्च नाही.

म्हणून माझं म्हणणं, वर्षभर फोल्डिंग करायचं तर ४०६०. फक्त थंडीत किंवा रात्री चालवणार आणि बाकीच्या वेळी कार्डावर दुसरं काही करणार, तर ३०६० लिमिट लावून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं तेव्हा मायनिंगची कार्डं ढिगानं विकायला निघाली आणि त्यातली अजून हातोहात फिरतायत, तेव्हा सोलापुरातल्या नवी पेठेत घ्या नाहीतर पुण्याहून मागवा, पैसे द्यायच्या आधी समोर अर्धा तास फोल्डिंगच चालवून बघायचं, गेम नाही. टेंपरेचर चढत चढत ८३ ला टेकतं का, पंखा खरखरतो का, टास्क एरर देऊन पडतो का, एवढं बघा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.