कूलर फ्लशचा कॅन : आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात घरच्या अंगणात गाडीचा ट्रान्समिशन ऑइल कूलर, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर, मळ विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटच्या कॅनने आतून धुतला (यालाच फ्लश म्हणतात). इंदूरचा मे महिना काढून झालाय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

गाडी सेकंडहँड, डिझेल, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. सासुरवाडी सनावदची, म्हणजे महिन्यातून एकदा तरी वाटेतला भेरूघाट. परतताना चढावर स्कॅनर (गाडीला जोडून आतले आकडे वाचायचं यंत्र) गिअरबॉक्स ऑइलचं तापमान 118 अंश दाखवायचा आणि गिअर बदलताना धक्का बसायचा. एका वर्कशॉपवाल्याने गाडीभोवती चक्कर मारून थेट गिअरबॉक्स उतरवायलाच सांगितलं. मी डिपस्टिक ओढली. लाल असायला हवं ते ऑइल तपकिरी झालेलं, पण जळका वास नाही, बोटाला कचकच नाही. धातूचा चुरा दिसला असता तर कूलर सरळ बदलला असता. तो चुरा आत असा रुतून बसतो की धुऊन निघेल याचा भरवसा नाही.

कॅन ऑनलाइन मागवला, पारदर्शक नळ्या आणि क्लिपा इंदूरच्या सियागंज बाजारातून. कूलरचे दोन्ही पाइप सोडले, एकाला नळी लावून बाटलीत धरली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितला. ज्यातून ऑइल येतं तो गिअरबॉक्सकडून येणारा पाइप. फ्लश उलट्या बाजूने, म्हणजे परतीच्या तोंडातून मारायचा. मी तसा मारला, पण कॅनचं नोझल घट्ट बसत नाही. दुसऱ्याच दाबाला नळी निसटली आणि काळपट पिचकारी थेट आईच्या रांगोळीवर. तो दिवस मग त्या फरशीचाच झाला.

नंतर कमी दाबाची हवा, आणि शेवटी नवं ऑइल आतून फिरवून पहिला लिटरभर फेकून दिलं, कारण सॉल्व्हंट गिअरबॉक्समध्ये जाता कामा नये. जितकं निघालं तितकंच मोजून भरलं. पातळी इंजिन गरम झाल्यावर, मॅन्युअलमध्ये दिलंय तशीच पाहिली. पैसे वाचवायला पेट्रोल वापरू नका: आगीची भीती आहेच, शिवाय रबरी सील फुगतात.

आता खरी गोष्ट. बंपर काढला तेव्हा कूलर आणि एसीच्या कंडेन्सरमध्ये कापसाची गादी भरलेली! सनावदकडच्या निमाडात कापसाच्या ट्रॉल्यांमागे चालून साठलेली. ती ब्रशने काढली, कूलरची बाहेरची जाळी पाण्याने धुतली. त्यानंतर मे महिन्यातही त्याच चढावर 97-98च्या वर आकडा गेला नाही, धक्काही गेला. पण कॅन, नवं ऑइल आणि जाळी तिन्ही एकाच दिवशी, मग गुण कुणाला द्यायचा? माझं मत जाळीकडे झुकतं.

कॅनला पाचात तीन, तेही एक नोझलपायी कापून. दुसरा कॅन कपाटात तसाच आहे. पुढच्या वेळी आधी नुसती जाळी धुऊन घाट चढून येईन, मग त्याचं झाकण उघडायचं का ते ठरवेन.