सिट्रा की मोझॅक? आणि गॅलॅक्सीच्या वाटेला जावं का?

फळांच्या वासाची आयपीए (भरपूर हॉप घातलेली कडवट बिअर) पहिल्यांदाच करताय आणि एकाच हॉपचं (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचं) पाकीट घ्यायचंय, तर डोळे झाकून सिट्रा घ्या. मोझॅक जास्त मजेशीर आहे हे मान्य, पण तो दुसऱ्या बॅचसाठी ठेवा. आता का ते सांगतो.

कागदावर बघाल तर दोघांत फारसा फरकच दिसत नाही. दोन्ही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, याकिमा खोऱ्यात, एकाच हॉप ब्रीडिंग कंपनीने तयार केलेले, सिट्रा २००८ साली बाजारात आला आणि मोझॅक २०१२ ला, त्याआधी त्यांना नुसते नंबर होते, एचबीसी ३९४ आणि एचबीसी ३६९. अल्फा अ‍ॅसिड (हॉपमधला कडूपणा देणारा घटक) दोघांचंही साधारण ११ ते १४ टक्क्यांच्या घरात. म्हणजे रेसिपीत एकाच्या जागी दुसरा टाकला तरी कडूपणाचं गणित फार हलत नाही. फरक आहे तो सगळा वासात.

सिट्राचा वास स्पष्ट असतो. लिंबू, पपनस, लिची, थोडा आंबा. ज्याला बिअरमधलं काही कळत नाही असा पाहुणासुद्धा ग्लास नाकाशी नेऊन "अरे यात ज्यूस टाकलाय का" म्हणतो, आणि पहिल्या बॅचला तेवढं कौतुक पुरतं. मोझॅकची आई म्हणजे सिम्को नावाचा हॉप, त्यामुळे त्याच्यात पाइनच्या झाडाचा आणि ओल्या मातीचा वास येतो, त्यावर ब्लूबेरी, संत्रं, आंबा असं बरंच काही, प्रत्येक घोटाला वेगळं काहीतरी सापडतं. पण याची एक भानगड आहे, काही लॉटमध्ये कांदा-लसणासारखा वास येतो, विशेषतः हॉप वेलीवर जास्त दिवस राहून उशिरा काढला असेल तर. पाकीट फोडलं की आधी दोनचार पेलेट्स (हॉप दाबून केलेल्या गोळ्या) बोटांत चुरडून हुंगा, लसूण आला तर तो लॉट ड्राय हॉपला (न उकळता, नंतर थंड बिअरमध्ये नुसत्या वासासाठी हॉप टाकतात तेव्हा) वापरू नका. सिट्रासुद्धा काही जणांना मांजराच्या मुतासारखा लागतो म्हणे, मला तरी कधी तसं वाटलं नाही.

गॅलॅक्सी ऑस्ट्रेलियाचा. पॅशन फ्रूट आणि पीच, वास इतका दणदणीत की थोड्यातच काम होतं. पण जास्त टाकलात तर बिअर तरुण असताना घशाला खरवडते, थंड जागी काही दिवस पडू द्यावी लागते. आणि तिकडची काढणी मार्चच्या आसपास होते, अमेरिकेतली ऑगस्ट-सप्टेंबरला, त्यामुळे पाकिटावर वर्ष तेच असलं तरी गॅलॅक्सी पाच-सहा महिने जुना असतो, हा हिशोब डोक्यात ठेवा. घाई असणाऱ्याने गॅलॅक्सीच्या वाटेला जाऊ नये.

पैशाचं बोलायचं तर तिघंही मालकीच्या जाती आहेत, परवान्याशिवाय कुणी शेतात लावू शकत नाही, म्हणून महाग. बजेट खरंच तंग असेल तर १९७२ चा जुना कॅस्केड हॉप आहेच, पपनसाचा छान वास येतो आणि तो कुणीही लावू शकतो म्हणून स्वस्त मिळतो, फक्त अल्फा निम्मं असतं हे लक्षात ठेवा.

आणि महागडा हॉप एक तास उकळू नका हो! २० लिटरच्या बॅचमध्ये २५ ग्रॅम सिट्रा तासभर उकळला तर ३५ च्या आसपास आयबीयू (कडूपणाचं माप) मिळतील, पण वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात, मग तेच काम मॅग्नमसारखा स्वस्त हॉप करतो की. सिट्रा-मोझॅक गॅस बंद करून वर्ट (बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) ८० डिग्रीपर्यंत उतरल्यावर टाका आणि उरलेला ड्राय हॉपला. ड्राय हॉपला लिटरमागे ५ ग्रॅम धरा, म्हणजे २० लिटरला १००. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅस्केडवर प्रयोग झाला होता, त्यात लिटरमागे ८ ग्रॅमच्या वर गेल्यावर संत्र्या-लिंबाचा वास मागे पडून चहापत्तीसारखा वास पुढे आला, तेव्हा ओतत सुटू नका.

दोन पाकिटं परवडत असतील तर मात्र माझं मत बदलतं, दोन भाग सिट्रा आणि एक भाग मोझॅक घ्या, सिट्रा फळ देतो आणि मोझॅक त्याला खोली देतो. उलट प्रमाण मला आवडत नाही, पाइन वरचढ होतो.

उरलेलं पाकीट हवा काढून बंद करा आणि फ्रीजरला टाका, बाहेर राहिलं की चीजसारखा वास यायला लागतो.

पुण्या-मुंबईच्या लोकांनो, आपल्याकडे घरी विनापरवाना बिअर बनवता येत नाही, त्यामुळे मायक्रोब्रुअरीत गेलात की आयपीएत कुठला हॉप आहे ते विचारा आणि चव घेऊनच काय ते ठरवा. बाहेरदेशी बनवत असाल आणि घरात कुत्रा असेल तर वापरलेला हॉप झाकणाच्या डब्यात टाका, कुत्र्यांना तो विषारी असतो, अंगात ताप चढून जीवावर बेतू शकतं.