जुनं सोनार चालू ठेवावं, की मोफत सोनारकडे जावं?

सोनार हे संगणकावर गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर. त्यावर वर्षानुवर्षं रेकॉर्डिंग करणाऱ्याचा हात इतका बसलेला असतो, की कुठलं बटण कुठे आहे हे त्याला शोधावं लागत नाही. त्याला ‘दुसरं काहीतरी शिकून घ्या’ म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या डिस्कवर दहा-बारा वर्षांची गाणी पडून असतात. नवं सॉफ्टवेअर दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. जुनं गाणं त्यात जसंच्या तसं वाजेल का, यावर मात्र सगळा निर्णय ठरतो, आणि मी या तुलनेत सर्वांत जास्त वजन त्यालाच देणार आहे.

आधी मागची गोष्ट थोडक्यात, कारण निर्णय तिच्याशी बांधलेला आहे. सोनारचा पूर्वज केकवॉक १९८७ मध्ये डॉसवर चालणारा मिडी सिक्वेन्सर (वाद्यांच्या नोटा नोंदवून वाजवणारा प्रोग्राम) म्हणून आला. २००१ मध्ये त्याच कंपनीचं सोनार आलं. कंपनी २००८ मध्ये रोलंडच्या आणि २०१३ मध्ये गिब्सनच्या, म्हणजे वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या वर्षभर आधीच अनेकांनी ‘आयुष्यभर अपडेट’ अशी योजना पैसे भरून घेतली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅब टेक्नॉलॉजीजने हे सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि एप्रिलमध्ये सोनार प्लॅटिनम या शेवटच्या मोठ्या आवृत्तीचाच गाभा ‘केकवॉक बाय बँडलॅब’ या नावाने फुकट दिला. २०२३ मध्ये ‘केकवॉक सोनार’ हा नवा, पैसे देऊन घ्यायचा वारस जाहीर झाला. २०२५ मध्ये त्याचीही मोफत आवृत्ती आली (या लेखातलं ‘मोफत’ किंवा ‘नवं’ सोनार ते हेच) आणि केकवॉक बाय बँडलॅब बंद करायचं ठरलं.

म्हणजे आज जो एक्स-थ्री किंवा प्लॅटिनम या सोनारच्या जुन्या आवृत्त्यांवर बसलाय, त्याच्यापुढे तीन वाटा आहेत: आहे तिथेच राहणं, मोफत सोनारकडे जाणं, किंवा घराणंच बदलून रीपरसारखं दुसरं सॉफ्टवेअर धरणं. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी मोफत सोनारकडे जावं, पण जुनं सोनार काढून टाकू नये.

पहिल्या दिवशी काय ओळखीचं वाटेल?

जवळजवळ सगळंच. ट्रॅक व्ह्यू, कन्सोल, पियानो रोल, प्रत्येक ट्रॅकच्या कडेला उभं राहणारं प्रोचॅनल (इफेक्टची पट्टी), खालचा मल्टिडॉक (खिडक्या ठेवायची जागा), कीबोर्ड शॉर्टकट. जुनी सीडब्ल्यूपी फाईल (सोनारची प्रोजेक्ट फाईल) थेट उघडते, त्याहून जुनी डब्ल्यूआरके फाईलही. रीपरसारखं दुसऱ्या घराण्याचं सॉफ्टवेअर स्वतःहून हे करू शकत नाही, आणि माझ्या लेखी मोफत सोनारची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे. ऑडिओ इंटरफेस तोच, त्याला संगणकाशी जोडणारा असिओ ड्रायव्हर तोच. बफर आणि लेटन्सीचं (वाजवणं आणि ऐकू येणं यांतल्या उशिराचं) गणितही बदलत नाही.

दिसण्यात एक फरक लगेच जाणवतो. जुन्या सोनारची चित्रं ठरावीक मापाची होती. जास्त रिझोल्यूशनच्या पडद्यावर फेडरवरचे आकडे वाचताना डोळे ताणावे लागायचे. नव्या सोनारचा चेहरा व्हेक्टर ग्राफिक्समध्ये नव्याने काढलाय, त्यामुळे पडदा कितीही मोठा असला तरी अक्षरं रेखीव राहतात. रोज सहा-सात तास मिक्सिंग करणाऱ्याला ही गोष्ट छोटी वाटणार नाही.

गिब्सनने काम थांबवल्यानंतर भर पडलेल्या सोयीही आहेत. गाण्याचे मुखडा-अंतऱ्यासारखे भाग उचलून हलवता येणारा अरेंजर ट्रॅक आहे. ऑर्केस्ट्राच्या सॅम्पल लायब्ररीसाठी आर्टिक्युलेशन मॅप आहेत, म्हणजे वाद्य कोणत्या पद्धतीने वाजवायचं हे नोटांपासून वेगळं नोंदवता येतं. लय हळूहळू वाढवायची असेल तर टेम्पो ट्रॅकवर सरळ रेघ ओढता येते. सूर सुधारणाऱ्या मेलोडाइनसारख्या प्लगइनना (सॉफ्टवेअरला जोडायच्या पूरक प्रोग्रामना) गाण्याशी जवळून जोडणाऱ्या एआरए २ चाही आधार आहे. ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्याला आर्टिक्युलेशन मॅपचा फार उपयोग होतो. आधी की-स्विचच्या, म्हणजे वाजवण्याची पद्धत बदलणाऱ्या, नोटा हाताने टाकत बसावं लागायचं आणि नोटेशनमध्ये त्या भलत्याच सप्तकात दिसायच्या.

हरवतं काय?

इथे नीट थांबायला हवं.

सोनार प्लॅटिनम विकत घेताना सॉफ्टवेअरबरोबर वाद्यांचं आणि इफेक्टचं मोठं गाठोडं मिळालं होतं: डायमेन्शन प्रो, रॅप्चर, झेटा प्लस, ॲडिक्टिव्ह ड्रम्स, मेलोडाइनची छोटी आवृत्ती. यांतली काही वाद्यं केकवॉकची होती, काही दुसऱ्या कंपन्यांची. फुकट आवृत्तीत हे गाठोडं आलं नाही. केकवॉक बाय बँडलॅबबरोबर बेस, ड्रम किट, इलेक्ट्रिक पियानो आणि स्ट्रिंग्ज अशी मोजकी साधी वाद्यं मिळाली, आणि इफेक्टमध्ये प्रोचॅनलसारखी साधनं. जुनं सोनार संगणकावर असेल, तर त्याबरोबर आलेले प्लगइन नव्या सोनारलाही सापडतात आणि चालतात. म्हणून जुनं काढायचं नाही. दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात.

मी ही चूक एकदा केली. संगणक बदलताना वाटलं, आता नवं आहे, जुन्याची काय गरज? महिनाभराने एक जुनं गाणं उघडलं. गायकाचा आवाज आला, गिटार आली, आणि पियानोच्या जागी शांतता. मिडीच्या नोटा जागेवर होत्या, वाजवणारं वाद्य नव्हतं. दुसरा पियानो लावून पाहिला. सूर तेच, पण ज्या स्पर्शावर ते गाणं उभं होतं तो गेला. शेवटी जुना संगणक पुन्हा जोडून, तो ट्रॅक तिथे बाऊन्स करून, म्हणजे त्याची ऑडिओ फाईल बनवून आणला.

मेलोडाइनने सुधारलेले आवाज हा दुसरा धोका. सुधारणा क्लिपवर रीजन इफेक्ट म्हणून (आवाजात कायमची न उतरवता) लटकत राहिलेली असेल आणि नव्या ठिकाणी मेलोडाइन नसेल, तर ती ऐकू येणार नाही. अशा सगळ्या क्लिप जुन्या सोनारमध्येच रेंडर करून, म्हणजे सुधारणा आवाजात पक्की करून घ्या.

तिसरा प्रश्न ३२-बिटचा. जुनं सोनार ३२-बिटमध्येही मिळायचं, नवं फक्त ६४-बिट. ३२-बिट व्हीएसटी प्लगइन बिटब्रिज या जोड-प्रोग्रामच्या आधाराने चालवता येतात, पण हा पूल डळमळीत आहे. एका प्रोजेक्टमध्ये असे आठ-दहा प्लगइन असतील तर त्यावर विसंबू नका. डायरेक्टएक्स या जुन्या प्रकारच्या ३२-बिट प्लगइनला तर तोही पूल नाही. दोन हजारच्या दशकातल्या प्रोजेक्टमध्ये असे इफेक्ट हमखास सापडतात, तेव्हा ते ट्रॅक आधीच फ्रीझ (इफेक्टसकट गोठवून ऑडिओ) किंवा बाऊन्स करा.

आणि चौथी गोष्ट, जिच्यामुळे लोकांची गाणी खरोखर हरवतात: सीडब्ल्यूपी फाईलमध्ये आवाज नसतो. ती फक्त आराखडा. आवाजाच्या वेव्ह फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, आणि प्रत्येक प्रोजेक्टचा स्वतंत्र ऑडिओ फोल्डर ठेवलेला नसेल तर सगळ्या गाण्यांच्या फाईली एकाच सामाईक फोल्डरमध्ये पडतात. नुसती सीडब्ल्यूपी पेनड्राइव्हवर घेतली, की नव्या संगणकावर रिकामी पट्टी उघडते. म्हणून जुन्या सोनारमध्ये प्रोजेक्ट उघडून ‘सेव्ह ॲज’ करा, सगळा ऑडिओ प्रोजेक्टबरोबर कॉपी करण्याच्या चौकटीत खूण करा आणि गाणं त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा.

फुकट म्हणजे कशाच्या बदल्यात?

जुनं सोनार एकदा विकत घेतलं की तुमचं. मोफत सोनारसाठी बँडलॅबचं अकाउंट लागतं आणि त्यात लॉगिन करून सॉफ्टवेअर चालू करावं लागतं. केकवॉक बाय बँडलॅबमध्ये ही मंजुरी अधूनमधून ताजी करावी लागे. मुदत संपली तर प्रोजेक्ट उघडायचा, पण सेव्ह व्हायचा नाही. स्टुडिओचा संगणक मुद्दाम इंटरनेटपासून लांब ठेवणाऱ्यांसाठी ही खरी अडचण आहे, त्यांनी आधी याचाच विचार करावा.

शिवाय मोफत पातळीत सगळं नाही. काही साधनं पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी राखलेली आहेत. त्यांची यादी वाचून निर्णय घेऊ नका, तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट उघडा. राखीव साधन तुम्ही कधीच वापरलेलं नसेल तर ते नसण्याने काही अडत नाही. एखाद्या साधनावर तुमचं रोजचं काम चालत असेल, तर पहिल्याच तासात ते कळेल.

यावर ‘मग जुनंच बरं’ असं वाटू शकतं. संगणक बदलायचा नसेल, विंडोज बदलायचं नसेल आणि नवं उपकरण जोडायचं नसेल, तर खरंच बरं. पण गिब्सनने हात काढल्यापासून त्या जुन्या आवृत्त्यांना कोणी हात लावलेला नाही. पुढच्या विंडोजने एखादी गोष्ट मोडली तर दुरुस्त करणारं कोणी नाही. शांतपणे बदल करायला वेळ असतो तेव्हाच बदललेलं बरं. गाणं उद्या द्यायचंय आणि आज प्रोग्राम उघडत नाही, अशा वेळी तो वेळ मिळत नाही.

रीपरचं काय?

रीपर माझं आवडतं आहे, तरी इथे मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. ६० दिवस पूर्ण ताकदीने वापरून पाहता येतं, सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. सोनार मॅकवर चालत नाही, त्यामुळे ज्याला मॅककडे जायचंय त्याने इथून पुढचं वाचून थेट रीपर धरावं. हवं तसं वाकवता येणारं इतकं हलकं सॉफ्टवेअर क्वचितच सापडेल. पण त्याच्याबरोबर वाद्यं जवळपास मिळत नाहीत, आणि तुमची सीडब्ल्यूपी त्याला स्वतःहून उघडता येत नाही. प्रत्येक जुनं गाणं तुकड्या-तुकड्यांनी न्यावं लागतं: प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून वेव्ह म्हणून काढायचा, म्हणजे तिकडे सगळे एका रेषेत बसतात. मिडी वेगळी फाईल म्हणून काढायची. टेम्पोतले बदल त्या मिडी फाईलमधून जातात, म्हणून ती आधी आत घ्यायची. फेडर, ऑटोमेशन (गाणं चालू असताना आपोआप होणारे बदल), इफेक्टची मांडणी यातलं काहीच येत नाही. पाच गाणी असतील तर चालेल. शंभर असतील तर ते एका सुट्टीत उरकणारं काम नाही.

कान काय म्हणतो

‘नव्या सॉफ्टवेअरचा आवाज वेगळा येतो’ हे तुम्ही ऐकलं असेल. तपासणं अवघड नाही. सर्वांत गुंतागुंतीचा एक जुना प्रोजेक्ट निवडा. जुन्या सोनारमधून त्याचा पूर्ण मिक्स वेव्हमध्ये काढा. त्याच प्रोजेक्टची प्रत नव्या सोनारमध्ये उघडून, तोच सॅम्पल रेट आणि तीच बिट डेप्थ ठेवून पुन्हा काढा. आता दोन्ही फाईली एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ठेवा आणि एकीचा फेज उलटा करा, म्हणजे दोघींत जे सारखं आहे ते एकमेकांना खोडतं. पूर्ण शांतता मिळाली तर दोन्ही मिक्स शेवटच्या बिटपर्यंत सारखे. काही उरलं, तर जे ऐकू येतं तेच सांगेल कुठे बघायचं. कोरस किंवा फ्लँजरसारखे सतत डोलणारे इफेक्ट आणि आळीपाळीने सॅम्पल बदलणारे ड्रम दर वेळी थोडे वेगळे वाजतात, ती कुजबुज गैर नाही. पण स्पष्ट आवाज किंवा एखादं अख्खं वाद्य ऐकू आलं, तर एखादा प्लगइन गेलाय किंवा त्याची सेटिंग उलटलीय.

मी स्वतः आठ गाण्यांवर हे केलं. सहा जुळली. एकात पियानोचा तोच प्रश्न निघाला, दुसऱ्यात एका जुन्या कॉम्प्रेसरची ३२-बिट आवृत्ती अडली होती.

नव्यात काम सुरू करताना प्रोजेक्ट नव्या नावाने सेव्ह करा, जुनी फाईल जुन्या सोनारसाठी तशीच राहू द्या. अरेंजर ट्रॅकसारख्या नव्या सोयी वापरलेली फाईल मागे नेली तर त्या सोयी जुन्याला समजत नाहीत. आणि अर्धं झालेलं गाणं मध्येच हलवू नका. ते जुन्यातच संपवा, पुढचं नव्यात सुरू करा. माझ्याकडे अजून तीन गाणी प्लॅटिनममध्ये उघडी आहेत, ती तिथेच पूर्ण होतील.